रंध्याची मूठ

एरवी मी इथे कवितेवर बोलतो. आज सुतारकामावर बोलणार आहे.

माझे अब्बा सुतार होते. त्यांचा एक लोखंडी रंधा होता, शिसवी मुठीचा. १९८३ साली माझ्या हातून तो फरशीवर पडला आणि मूठ बुडाशी मोडली. मी ती गुपचूप सरसाने चिकटवली. पण वर्षानुवर्षे तळहाताचे तेल मुरलेल्या लाकडाला सरस नीट धरत नाही. दुसऱ्या दिवशी चौकट रंधताना मूठ निखळली आणि अब्बांचा तळहात फाटला. आठ दिवस काम बंद. घरात कमावणारे ते एकटेच.

"पडला तेव्हाच सांगायचं होतंस," एवढेच ते म्हणाले. मग पलंगाच्या जुन्या पायाचा शिसवी तुकडा माझ्यापुढे ठेवला. "आता तूच कर."

मी तुकडा घाईने कापला. लाकडाच्या रेषा उभ्या आल्या. कानस लावताच मुठीचे वरचे पातळ टोक तुकडा पडून हातात आले. तेव्हा अब्बांनी समजावले: रेषा रंध्याच्या तळाला समांतर, मागून पुढे जायला हव्यात, तरच टोक टिकते. मुठीतून आटे पाडलेली सळई जाते आणि वरचा पितळी नट मूठ दाबून धरतो. सळईचे भोक तिरके असते. ते लाकूड चौकोनी असतानाच पाडायचे. आकार दिल्यावर तुकडा सरळ पकडताच येत नाही.

दुसऱ्या तुकड्याला मी आधी भोक पाडले, मग आकार कापला. कानशीने कडा गोल केल्या, फुटक्या काचेने खरवडले, जवसाचे तेल चोळले. चार दिवस गेले.

पट्टी सुटल्यावर अब्बांनी मूठ धरली. तीन बोटे मुठीभोवती, तर्जनी पुढे रोखलेली. "जरा जाड झालीय," म्हणाले आणि दोनदा कानस फिरवली. त्याच दिवशी ते कामावर गेले.

अब्बा आता नाहीत. रंधा माझा पुतण्या वापरतो. मूठ तीच आहे. पावसाळा सरून हवा कोरडी झाली की लाकूड आकसते आणि मूठ किंचित हलू लागते. तशीच वापरली तर पुन्हा बुडाशी मोडेल. म्हणून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास मी त्याच्याकडे जातो, नट जरासा आवळतो आणि मूठ हलवून पाहतो.