मार्सेलिसची उडी आणि हेगचा निवाडा

(रत्नागिरी येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



मार्सेलिसच्या उडीची कथा रत्नागिरीकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. तात्याराव १९२४ पासून १९३७ पर्यंत याच नगरीत स्थानबद्ध होते. उडी आपण रंगवून सांगतो, ते किती अंतर पोहले यावर वादही घालतो. तिच्यानंतरचा निवाडा मात्र फारसे कुणी वाचत नाही.

लंडनमध्ये त्यांनी हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला होता. अपील न्यायालयाने तो जून १९१० मध्ये फेटाळला आणि त्यांना ‘मोरिया’ बोटीवर चढविण्यात आले. ८ जुलैच्या सकाळी ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोहोचले. राजकीय आरोपीला आश्रय देण्याची फ्रान्सची परंपरा होती. किनाऱ्यावरच्या फ्रेंच शिपायाने मात्र त्यांना धरले आणि पाठलाग करणाऱ्यांच्या हाती सोपविले. कोणत्याही फ्रेंच न्यायाधीशासमोर त्यांना उभे केले गेले नाही. दुसऱ्या दिवशी बोट निघून गेली.

मादाम कामा यांनी धडपड केली. मार्क्सचे नातू जाँ लाँग्वे यांनी ‘ल्यूमानिते’ पत्रातून हा विषय लावून धरला. फ्रेंच सरकारने कैदी परत मागितला आणि उभय राष्ट्रांनी वाद हेगच्या लवादाकडे सोपविला. इकडे मुंबईच्या विशेष न्यायालयासमोर खटला चालूच होता. आरोपी आपल्यापुढे कोणत्या मार्गाने आणला गेला, याने आपल्या अधिकाराला बाध येत नाही, अशी त्या न्यायालयाची भूमिका होती. डिसेंबर १९१० मध्ये पहिली जन्मठेप झाली, ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी.

२४ फेब्रुवारी १९११ रोजी हेगचा निवाडा आला. कैदी सोपविण्यात अनियमितता घडली, हे पाचही पंचांच्या त्या मंडळाने मान्य केले! तरीही बळजोरी वा कपट झाले नसल्याने त्याला परत करण्यास इंग्लंड बांधील नाही, असे ठरविले. चूक मान्य, उपाय नाही. माझ्या मते खरा अन्याय याच्याही आधीचा आहे. तो वाद दोन सरकारांचा होता. ज्याच्या मानेभोवती फास होता, तो त्या खटल्यात पक्षकारच नव्हता. आश्रयाचा हक्क राष्ट्राचा मानला गेला, माणसाचा नव्हे.

पुढे १९५१ च्या जिनिव्हा करारात, छळाचे भय असलेल्या निर्वासिताला तेथे परत धाडू नये, हे तत्त्व आले. भारताने त्यावर स्वाक्षरी केलेली नाही. आपल्याकडे आश्रयाचे अर्ज तपासणारा स्वतंत्र कायदाही नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने शेजारच्या तीन देशांतून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या हिंदू, बौद्ध, शीख आदी पीडितांना दिलासा दिला, तो स्वागतार्हच. पण ती तपासणीची व्यवस्था नव्हे. न्यायालयाने काय करता येते, याचे उदाहरण अरुणाचलात आहे. पूर्व पाकिस्तानातून १९६४ मध्ये आलेल्या, बहुसंख्य बौद्ध असलेल्या चकमांचे नागरिकत्वाचे अर्ज स्थानिक अधिकारी पुढेच पाठवीत नसत. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाठविण्याचा आदेश दिला आणि घटनेचे २१ वे कलम परकीयाच्या जीविताचेही रक्षण करते, असे सांगितले.

तात्यारावांना असे न्यायपीठ मिळाले नाही. हेगला निवाडा झाला तेव्हा ते मुंबईच्या तुरुंगात होते. त्याच वर्षी जुलैमध्ये ते अंदमानात पोहोचले.