जोडीचा खेळ
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. टेनिसची रॅकेट मी कधी हातात धरलेली नाही. खेळ पाहिला तो मुलांबरोबर टीव्हीवर. तरी आज सानिया मिर्झाविषयी चार शब्द बोलणार आहे.

सानियाचा जन्म 1986 सालचा, मुंबईचा. वाढली मात्र हैदराबादेत. 2005 साली हैदराबादच्याच स्पर्धेत तिने एकेरीचे अजिंक्यपद मिळवले. 2007 साली ती एकेरीत जगात 27 वी होती. आता पहिल्या दहांत येणार, असे सर्वांना वाटू लागले. पण मनगटाने दगा दिला, गुडघ्यांनी दिला. शस्त्रक्रिया झाल्या. पहिले दहा दूरच राहिले, आणि 2013 साली तिने एकेरी कायमची सोडली.

लोक म्हणाले, एकेरी जमेना म्हणून दुहेरीत गेली. मला हे पटत नाही. दुहेरीत धावाधाव कमी, हे खरे. पण मधोमध आलेला चेंडू कोणी घ्यायचा, हे क्षणात उमगावे लागते. सानियाच्या उजव्या हाताचा फटका जबरदस्त. स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगिस जाळीजवळ चपळ. एकीचे उणे ते दुसरीने भरून काढायचे! 2015 च्या एप्रिलमध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. भारतीय स्त्रियांत हा मान तिलाच प्रथम मिळाला. त्याच जुलैत विंबल्डनचा अंतिम सामना. तिसऱ्या सेटमध्ये दोघी 2-5 अशा मागे. तिथून सलग पाच गेम घेऊन त्यांनी 7-5 असा सेट आणि सामना जिंकला. पुढे या जोडीने ओळीने 41 सामने जिंकले.

भगिनींनो, आपल्यातही कोणाचे डोळे अधू झाले म्हणून शिवण सुटले, कोणाची घरच्या आजारपणामुळे नोकरी सुटली. "आता आमचे काय राहिले?" असे त्या म्हणतात. त्यांना माझे सांगणे, जोडीदारीण शोधा. जिला सुईत दोरा ओवता येत नाही, तिला कापड बेतता येते. जिला घराबाहेर पडता येत नाही, तिला घरी बसून हिशेब ठेवता येतो.

मात्र एक गोष्ट विसरू नका. विंबल्डनचा चषक दोघींनी मिळून उचलला. फलकावर नावे दोघींची लागली. आपल्याकडे चकलीची भाजणी एकीची, तळण दुसरीचे, आणि मंडळाच्या वहीत नाव फक्त मागणी आणणारीचे! म्हणून माझी या सभेला विनंती आहे, की येत्या दिवाळीच्या फराळापासून वहीत प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्या सगळ्याजणींची नावे लिहावीत आणि पैसेही त्याप्रमाणे वाटावेत.

जोडीने खेळण्यात कमीपणा नाही. जोडीतल्या एकीचे नाव गाळण्यात मात्र आहे.