माल्टा बेटांतील एक भट्टी



शाळेंत भूमध्य समुद्राचा नकाशा लावला, म्हणजे इटलीच्या टोंकाशीं सिसिली दाखवावयाची, दक्षिणेस आफ्रिकेचा किनारा दाखवावयाचा, आणि मध्यें छडीच्या टोंकाखालीं झांकून जाईल एवढा जो एक ठिपका असे, त्याचें नुसतें नांव उच्चारून पुढें सरकावयाचें, असा आम्हां मास्तर लोकांचा प्रघात होता. तो ठिपका म्हणजे माल्टा. क्षेत्रफळ सुमारें ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईच्या निम्म्याहून किंचित् अधिक. आणि वस्ती पांच लाखांच्या थोडी वर. माझा पुतण्या तेथें नोकरीस असल्यामुळें २०२३ च्या हिंवाळ्यांत मला त्या बेटावर तीन आठवडे राहावयास मिळालें. तेथील तटबंदी आणि तेथील देवळें यांचीं वर्णनें प्रवासी मंडळींनीं पुष्कळ लिहिलीं आहेत. मी आज आपणांस नेणार आहें तें एका कुटुंबाच्या भट्टीवर.

राजधानी व्हालेट्टापासून थोड्याच अंतरावर एक जुनें गांव आहे. लिहितांना त्याचें नांव कोर्मी, पण बोलतांना ‘ओर्मी’. कारण तेथल्या भाषेंत तो आरंभींचा ‘क’ उच्चारावयाचा नसतो, घशांत श्वास क्षणभर अडवून सोडून द्यावयाचा असतो. १५३० पासून १७९८ पर्यंत या बेटांवर सेंट जॉनच्या सरदारमंडळाची सत्ता होती. त्या काळीं या गांवास ‘कासाल फोर्नारो’, म्हणजे भट्टीवाल्यांचें गांव, असें म्हणत; आणि आजहि पावाची गोष्ट निघाली म्हणजे बेटावर पहिलें नांव निघतें तें याच गांवाचें.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर एक शब्द सांगून टाकतों. माल्टाची भाषा अरबीच्या वंशांतली, पण लिपी रोमन आणि निम्मा शब्दसंग्रह सिसिलीकडचा. वर्षाला ते ‘सेना’ म्हणतात, तो आपला ‘सन’. जगाला ‘दिन्या’ म्हणतात, ती आपली ‘दुनिया’. पुस्तकाला ‘क्तीब’ म्हणतात, ती आपली ‘किताब’. अरबी शब्द पूर्वेस निघाले ते आपल्या दप्तरांत येऊन बसले, पश्चिमेस निघाले ते या खडकावर जाऊन राहिले. पावाला तेथें ‘होब्झ’ म्हणतात, आणि त्या शब्दावांचून त्या लोकांचें पान हालत नाहीं. एखादा माणूस कसा आहे हें विचारावयाचें झालें, तर ‘हा कोणता पाव खातो?’ असें विचारतात. ज्याच्या पोटापाण्याची सोय पक्की झाली, त्याचा ‘पाव भाजून तयार आहे’ असें म्हणतात. ज्या भाषेंत चाकरीलाहि ‘भाकरी’ म्हणतात, ती बोलणारांना हें निराळें समजावून सांगावयास नकोच.

आम्ही पहांटे चारला त्या भट्टीशीं पोंचलों. दारावर पाटी नाहीं. बोळांत काळोख, आणि एका अर्ध्या उघड्या दारांतून उजेड व भाजलेल्या पिठाचा वास, एवढीच खूण. आंत चार माणसें कामांत होतीं: साठीच्या घरांतला मालक, त्याची बायको, त्याची थोरली बहीण, आणि नेपाळांतून आलेला एक तरुण गडी. मी निवृत्त शिक्षक आहें असें पुतण्यानें सांगतांच मालकानें पिठाचे हात वर करून ‘सुरमास्त!’ म्हणून माझें स्वागत केलें. माल्टी भाषेंत मास्तराला सुरमास्त म्हणतात. इतक्या दूर येऊन आपली जुनी हांक कानीं पडेल, असें मला वाटलें नव्हतें.

पावाची पहिली खेप तेव्हां भट्टींत गेलेली होती. भट्टी दगडी, पोट खोल आणि छत ठेंगणें. लांब दांड्याच्या लाकडी फळीनें पाव आंत सरकवितात. आदल्या दिवसाच्या कणकेचा एक गोळा राखून ठेवून त्यानेंच दुसऱ्या दिवसाची कणीक आंबवितात. त्या गोळ्याला ‘तिन्सीला’ म्हणतात. आपल्या घरांतलें विरजण जसें कधीं संपूं द्यावयाचें नसतें, तसेंच हें. पूर्वीं रविवारीं सकाळीं आळींतल्या बायका आपापलीं जेवणाचीं ताटें, कोणी भात, कोणी मांस, कोणी शेवया, भट्टीवर आणून देत आणि प्रार्थनेहून परततांना शिजलेलें अन्न घरीं नेत. घरोघर चुली मोठ्या झाल्यावर ती चाल बहुतेक सुटली.

पण मी गेलों होतों तो पास्तीत्सीसाठीं. ही माल्टाची रोजची न्याहारी. गवंडी, कारकून, वकील, शाळकरी मुलें, सगळे उभ्या उभ्या कागदांत धरून ती खातात. किंमत एका युरोहूनहि कमी. एखादा माल झपाट्यानें संपला म्हणजे आपण ‘हातोहात खपला’ म्हणतों; ते ‘पास्तीत्सीसारखा खपला’ म्हणतात.

तिची कृति मीं दीड तास उभा राहून पाहिली. पीठ, पाणी आणि मीठ. मळलेला गोळा बराच वेळ विसांवा घेत पडलेला असतो. मग तो दगडी मेजावर घेऊन दोघांनीं दोन बाजूंनीं ओढीत न्यावयाचा. ओढतां ओढतां त्याचा असा तलम पट्टा होतो कीं खालच्या दगडाच्या शिरा त्यांतून दिसाव्या. त्यावर तळहातानें मेद माखावयाचा आणि पट्टा गुंडाळीत आणावयाचा. पुन्हां विसांवा, पुन्हां ओढणें, पुन्हां माखणें. आपल्याकडे चिरोट्याला साटा लावतात त्याची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. अंतर एवढेंच कीं चिरोटा लाटतात, ही ओढतात. पूर्वीं या कामीं डुकराची चरबी वापरीत, आणि कित्येक ठिकाणीं अद्यापहि वापरतात. या घरीं मार्गरिन वापरतात याची चौकशी पुतण्यानें आधींच करून ठेविली होती. नाहीं तर मज शाकाहारी माणसाला नुसता वास घेऊन परतावें लागलें असतें.

पुढचें काम बहिणीचें. ती गुंडाळीचा लहानसा तुकडा तोडते, अंगठ्यानें दाबून त्याची वाटी करते, तींत सारण घालते आणि दोन्ही टोंकें चिमटून होडीसारखा आकार देते. सारणें दोन. एक ‘इर्कोत्ता’, म्हणजे दूध फाडून केलेलें मऊ पनीर. दुसरें रात्रभर भिजवून शिजविलेल्या वाटाण्याचें. पनीराच्या पास्तीत्सीचें पोट मध्यें किंचित् उघडें असतें, वाटाण्याची एका कडेनें मिटलेली असते, म्हणजे गिऱ्हाइकाला फोडून पाहावें लागत नाहीं. वाटाण्याचा वास मला ओळखीचा वाटला म्हणून विचारलें, तों मालकानें फळीवरचा करी पावडरचा डबा दाखविला. इंग्रजांच्या आरमाराबरोबर हा मसाला तेथें आला असावा, असा माझा तर्क. आपल्या आमटीला जो वास कधींच येत नाहीं, आणि तरी जगानें जो आपला म्हणून मानला आहे, तोच हा वास!

पास्तीत्सीबरोबर कांचेच्या पेल्यांतून दुधाचा चहा देतात. गरम पेला वरच्या कडेनें दोन बोटांत धरावयाचा, हें कौशल्य मला नवें नव्हतें.

गोड पदार्थांत ‘इमआरेत’ मला फार आवडले. खजुराचें सारण, त्यांत बडिशेपेच्या जातीचा एक मसाला आणि संत्र्याची साल. वर पातळ पारी. शंकरपाळ्यासारखे तिरके कापून तेलांत तळलेले. नाताळांत मधाचीं कडीं करतात. नांव मधाचें, पण आंत आतां बहुधा काकवीच असते. ईस्टरपूर्वींच्या चाळीस दिवसांच्या व्रतासाठीं ‘क्वारेझिमाल’ नांवाचे बदामाचे लांबट तुकडे करतात. जुन्या रीतीप्रमाणें त्यांत अंडीं नाहींत, लोणी नाहीं. पण बदाम मूठमूठभर आणि वर मध! एकादशी आणि दुप्पट खाशी ही आपलीच रीत आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

एवढ्यावरून ही सगळी चैनीची गोष्ट आहे, असा समज कृपा करून करून घेऊं नये. या खडकाळ बेटांवर पुरेसें धान्य पिकत नाहीं. गहूं समुद्रावरूनच यावा लागतो. १९१९ सालीं पिठाची महागाई आणि इंग्रज सरकारचा कारभार या दोहोंनीं गांजलेले लोक ७ जूनला व्हालेट्टाच्या रस्त्यांवर उतरले. धान्याच्या व पिठाच्या व्यापाऱ्यांच्या मालमत्तेवर हल्ले झाले, सैनिकांनीं गोळ्या चालविल्या, आणि त्या दंग्यांत चार माल्टी माणसें प्राणांस मुकलीं. जालियनवाला बागेस त्या वेळीं दोन महिनेहि झाले नव्हते. तो दिवस तेथें आतां राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. पुढें दुसऱ्या महायुद्धांत बेटाला वेढा पडला. १९४२ सालीं पाव मोजून मिळूं लागला, आणि त्या ऑगस्टांत बोटींचा एक तांडा अर्ध्याहून अधिक बोटी गमावून कसाबसा बंदरास लागला म्हणून लोक तगले. मालकाचा आजा तेव्हां हीच भट्टी चालवीत होता.

आज त्या भट्टीपुढचें संकट निराळें आहे. कारखान्यांत केलेल्या आणि बर्फांत गोठविलेल्या पास्तीत्सी खोक्यांतून दुकानोदुकानीं येतात. दुकानदारानें त्या फक्त भाजावयाच्या. “गिऱ्हाईक दोन्हींना एकच भाव देतें,” मालक म्हणाला, “आणि मी चार पैसे वाढविले, तर गवंड्याला त्या परवडणार नाहींत. मग त्या मीं कोणासाठीं करावयाच्या?” त्याच्या या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. ती वस्तु स्वस्त आहे म्हणून सर्वांची आहे, आणि स्वस्त आहे म्हणूनच मध्यरात्रीं उठणाऱ्या घराला तींतून धड मजुरी सुटत नाहीं. मुलगा हिशेबनीस झाला. एका परदेशी कंपनींत नोकरी करतो, आणि बापाहून पुष्कळ अधिक मिळवितो. बापाला त्याचा राग नाहीं. “मीच त्याला शिकविलें,” असें तो सांगे, आणि त्यांत अभिमान होता कीं खंत, हें मला समजलें नाहीं.

डिसेंबर २०२० मध्यें युनेस्कोनें माल्टाच्या ‘फ्तीरा’ या चपट्या पावाची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत घातली. ही गोष्ट मीं कौतुकानें काढली, तेव्हां मालकाची बायको हंसली. “यादी चांगली आहे,” ती म्हणाली, “पण रात्रीं एकला उठून ती कणीक मळावयास येत नाहीं.” मला तिचें म्हणणें पटलें, तथापि असल्या याद्या अगदींच व्यर्थ आहेत, असेंहि मी म्हणणार नाहीं. सरकारला लाज वाटावयाची झाली तर तिला कोठें तरी लेखी आधार लागतो.

राहिला तो नेपाळी तरुण. दीड वर्षापूर्वीं तो पोतीं उचलण्यासाठीं आला होता. आतां पट्टा ओढतांना मालकासमोर दुसऱ्या टोंकाला तोच असतो. माझ्याशीं तो हिंदींत बोलला. गांवीं आई आहे, लहान भाऊ शाळेंत आहे. परवाना मुदतीचा, पुढें मिळाला तर राहीन म्हणाला. ही कला त्याच्या हातीं राहिली तर ती माल्टाची राहिली कीं नाहीं, यावर त्या गांवांत वाद आहे, असें पुतण्यानें मला मागाहून सांगितलें. भट्टींत मात्र तो वाद मला ऐकूं आला नाहीं. निघण्यापूर्वीं बहिणीनें माझ्यापुढें दोन पास्तीत्सी ठेवून विचारलें, “सुरमास्त, यांतली माझी कोणती आणि त्याची कोणती?” मीं चष्मा पुसून दोन्हीकडे पाहिलें, मला कांहीं भेद दिसेना. तिनें एकीचें टोंक बोटानें दाखविलें. “ही त्याची. चिमटा एक जास्त घेतो. सारण सांडेल म्हणून अजून भितो.” तो गडी लाजून भट्टीकडे वळला, आणि तिनें त्याचीच माझ्या हातावर ठेवली.