क्लस्टरचा कायमचा पत्ता

मामलेदाराची बदली होते. कचेरी जागच्या जागी राहते. म्हणून शहाणा अर्जदार मामलेदाराच्या बिऱ्हाडाचा पत्ता शोधीत बसत नाही, अर्ज कचेरीच्या नावे लिहितो. व्यवहारातला हा साधा नियम संगणकांच्या समूहालाही, म्हणजे क्लस्टरलाही, लागू पडतो.

गूगलने २०१४ साली कुबरनेटिस ही प्रणाली जाहीर केली. हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. कंटेनरमध्ये बांधलेला कोणता प्रोग्राम कोणत्या यंत्रावर चालावा, हे ही प्रणाली ठरविते. कंटेनर येतात-जातात आणि त्यांचे पत्तेही बदलतात; क्लस्टरच्या आत ती अडचण ‘सर्व्हिस’ या योजनेने दूर होते. पण खुद्द सुकाणूधराचा पत्ता कोणता? कामाची सारी यंत्रे आणि व्यवस्थापक त्याच्या एपीआय सर्व्हरशी, सामान्यतः ६४४३ या पोर्टवर, बोलत असतात. तो गाठता आला नाही, तर चालू कंटेनर चालू राहतात. परंतु नव्या कामाची वाटणी होत नाही आणि बंद पडलेल्या यंत्रावरचे काम दुसरीकडे हलत नाही.

यासाठी सुकाणूची यंत्रे सहसा तीन ठेवतात. क्लस्टरची नोंदवही सांभाळणाऱ्या ‘एटसीडी’ला बहुमत लागते. तिघांपैकी एक गेला तरी दोघांचे बहुमत उरते. चार यंत्रे घेतली तर बहुमताला तीन लागतात. म्हणजे खर्च वाढूनही एकाहून अधिकाचे जाणे सोसत नाही. मात्र तीन यंत्रांचे पत्ते तीन. कामाच्या यंत्रांना पहिल्याचाच पत्ता दिला असेल, तर ते बंद पडताच उरलेली दोन जिवंत असूनही त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचत नाही.

म्हणून समाईक पत्ता आरंभीच ठरवावा लागतो. ‘क्युबएडीएम’ या साधनाने क्लस्टर उभारताना तो पहिल्याच आज्ञेत देता येतो. तो न देता एका सुकाणूयंत्रावर उभारलेला क्लस्टर मागाहून अनेक सुकाणूयंत्रांचा करण्याची सोय हे साधन देत नाही. कारण जुना पत्ता प्रमाणपत्रांत आणि प्रत्येक यंत्राच्या मांडणीत उतरलेला असतो. आज एकच यंत्र असले तरी डीएनएसमधील एक नाव द्यावे. ते आज त्या यंत्राकडे बोट दाखवील, उद्या लोड बॅलन्सरकडे.

लोड बॅलन्सर येणारी विनंती जिवंत सर्व्हरकडे पाठवितो. पण तोच एकटा असेल आणि बंद पडला तर? त्यासाठी दोन यंत्रांवर एचएप्रॉक्सी आणि कीपअलाइव्हडी बसवितात. दोघांत मिळून एकच फिरता आयपी पत्ता असतो. तो ज्याच्याकडे आहे ते यंत्र सामान्यतः दर सेकंदाला आपल्या हयातीची खूण देते. तीन-चार सेकंद खूण आली नाही की दुसरे यंत्र तो पत्ता स्वतःकडे घेते. ही रीत व्हीआरआरपी नावाने १९९८ साली प्रसिद्ध झाली. तिला दोन्ही यंत्रे एकाच स्थानिक जाळ्यात असावी लागतात. पुष्कळ क्लाउडमध्ये ती चालत नाही, तेथे त्या कंपनीचाच लोड बॅलन्सर घेणे इष्ट. एचएप्रॉक्सी सुकाणूयंत्रांवरच बसवायचा असेल, तर ६४४३ हे पोर्ट तेथे आधीच गुंतलेले असते; मग ८४४३ सारखे दुसरे निवडावे.

उभारणीपूर्वी या पत्त्याचे दार एकदा ठोठावून पाहावे. जोडणी नाकारली गेली तर काळजी नको. सर्व्हर अजून सुरूच झालेला नाही. पण उत्तरच न येता मुदत संपली, तर लोड बॅलन्सरपासून यंत्रापर्यंतची वाट अडलेली आहे. उभारणीनंतर, क्लस्टरवर कोणाचे काम अवलंबून राहण्याआधी, एक सुकाणूयंत्र आणि मग एक लोड बॅलन्सर मुद्दाम बंद करून पाहावा. जुन्याच पत्त्यावर उत्तर येत राहिले, तर कचेरी उघडी आहे असे खुशाल समजावे.