लेकीच्या गावाला जाताना

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. हळदीकुंकवाला कुणी नाव घे म्हटले तरी मी घाईघाईने घेऊन मोकळी होणारी. परंतु अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही घरची मंडळी घेऊन डेहराडूनला जाऊन आलात, तर तयारी कशी केलीत तेवढे सांगा. आपल्यातल्या पुष्कळजणींना कुठे ना कुठे जावयाचे आहे." तयारीचे सांगायला मला कसली अडचण? तयारी करण्यातच आपला जन्म जातो.

आमची थोरली २०२४ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत एम. एस्सी. करायला गेली, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्या वेळी "पोरीला झाडे मोजायला हिमालयात धाडली" असे कितीतरी जणी म्हणाल्या. त्यांतल्या काही इथे समोर बसल्याही आहेत. मी राग धरलेला नाही. खरे सांगायचे तर मला उत्तरच देता येत नव्हते. मी सातवी शिकलेली. मुलगी काय शिकते, कुठे झोपते, काय जेवते, हे मलाच नीट सांगता येईना. म्हणून एकदा डोळ्यांनी पाहून यावे, असे मनाने घेतले. दोन दिवाळ्यांच्या फराळाच्या ऑर्डरींचे पैसे मी बाजूला ठेवले होते, ते याच कामासाठी.

जायचे ठरल्यावर घरच्या यजमानांनी एका यात्रावाल्याकडून कागद आणला. पाच दिवस आणि चौदा ठिकाणे! आज हरिद्वार, उद्या हृषीकेश, परवा मसुरी, लगेच पुढे धबधबा. "एवढे पैसे घालून जायचे तर सगळेच पाहून घेऊ," असे त्यांचे म्हणणे. मी तो कागद दोनदा वाचला. चौदा ठिकाणांत लेक राहते ती जागा नव्हती.

मग मी दिनदर्शिकेचे जुने पान घेतले आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला चौघांची चार नावे लिहिली. प्रत्येकाला विचारले, तुम्हांला एकच गोष्ट पाहायची झाली तर कोणती? सासूबाई म्हणाल्या, "बर्फाचा डोंगर. आणि गंगेत एकदा पाय बुडवायचे." म्हणजे त्यांच्या दोन झाल्या, पण त्र्याहत्तराव्या वर्षी तेवढी सूट असावी. यजमानांना सैनिकी अकादमी निदान रस्त्यावरून तरी पाहायची होती. धाकट्याला गुच्छुपानीची गुहा हवी होती, तिच्यात वाहत्या पाण्यातून चालत जातात. मी माझ्या नावापुढे लिहिले, 'तिची खोली'. भगिनींनो, तुम्हीही जाण्यापूर्वी एवढे जरूर करा. आमची चौदाची पाच ठिकाणे झाली.

आता डेहराडून म्हणजे कसे गाव, हे लेकीने फोनवर समजावून दिले ते सांगते. माझी समजूत अशी की गाडीतून उतरले की समोर बर्फ. तसे नाही. 'दून' म्हणजे दोन डोंगररांगांमधली खोलगट जागा. दक्षिणेला शिवालिकच्या बुटक्या टेकड्या, उत्तरेला हिमालयाची पहिली रांग, पूर्वेकडे गंगा नि पश्चिमेकडे यमुना. शहर समुद्रापासून साधारण ६४० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या वाईपेक्षाही थोडे खाली! आणि समोर मसुरीचा डोंगर आडवा उभा, म्हणून शहरातून बर्फाची शिखरे दिसत नाहीत. वाईत उभे राहून महाबळेश्वर दिसत नाही, पसरणीचा घाट चढावा लागतो, तसेच हे. फक्त मसुरी जवळजवळ २००० मीटरवर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर, तेव्हा काय ती उंची हे ध्यानात येईल. शहरापासून ती पस्तीसेक किलोमीटर, आणि सगळा वळणांचा रस्ता.

कधी जावे, यावरून घरात बराच खल झाला. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, पण गर्दीही तेव्हाच, आणि हवा धुरकट असल्यामुळे लांबची शिखरे झाकलेली. जुलै ते सप्टेंबर तिथे पावसाचे थैमान; डोंगर खचतात, रस्ते बंद पडतात. दिवाळीनंतर आकाश धुतल्यासारखे स्वच्छ असते. म्हणून नोव्हेंबरचा मधला आठवडा धरला. धाकट्याचे कॉलेज चार-सहा दिवस बुडणार होते, ते बुडू दिले.

रेल्वेचे आरक्षण पूर्वी चार महिने आधी करता येई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आले आहे. १५ नोव्हेंबरची गाडी हवी म्हणून दिवस मोजले, तर १६ सप्टेंबरची सकाळ आली. आठ वाजता आरक्षण सुरू होणार, म्हणून मी नि धाकटा साडेसातलाच आंघोळी उरकून फोन घेऊन बसलो. सासूबाईंनी दूरदर्शन लावले होते. तोच त्यांची हाक आली, "अगं, हे आपल्या पोरीचं गाव ना?"

२०२५ सालचा तो सप्टेंबर तुम्हांला आठवत असेल. रात्रीतून सहस्रधारेकडे ढगफुटी झाली होती, नद्या पुलांना भिडल्या होत्या, टपकेश्वर महादेवाच्या अंगणात पाणी शिरले होते. लेकीला फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. आठ वाजून गेले. यजमान म्हणाले, "तिकिटं राहू देत. असल्या गावी जायचं नाही." मी काही बोलले नाही, माझे हातपाय गळाले होते. मनात एकच, की ज्या बायका म्हणाल्या होत्या त्या खऱ्या ठरल्या.

साडेनवाच्या सुमारास तिचाच फोन आला. "आई, मी सुखरूप आहे. वसतिगृहात काही झालं नाही. रात्रभर नदीचा आवाज येत होता." मग मला रडू आले. यजमान पुन्हा म्हणाले, जाणे रद्द करू. तेव्हा सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "पोर तिथं राहते आहे. तिला उचलून परत आणणार आहात का? नाही ना? मग तिथं ती राहते आणि आपल्याला जायची भीती, हे कसलं? काढ रे तिकिटं." धाकट्याने काढली. तोवर जागा बऱ्याच भरल्या होत्या.

इथे एक उपयोगाची गोष्ट सांगते. वडीलधाऱ्यांना तिकिटात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा ती हिशेबात धरू नका. पण खालच्या बाकाचा राखीव कोटा आहे. तो वृद्धांना आणि पंचेचाळीस वर्षांवरील बायकांना मिळतो, मात्र एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसे हवीत. आम्ही चौघांचे एकच तिकीट न काढता सासूबाई आणि मी असे वेगळे काढले. दोघींना खालचे बाक मिळाले. बापलेक राहिले प्रतीक्षा यादीत, त्यांची जागा निघायच्या आदल्या दिवशी पक्की झाली. पंचेचाळिशी ओलांडल्याचा आनंद मला त्या दिवशी प्रथमच झाला.

दिल्लीला उतरून लगेच पुढची गाडी धरायची नाही, एवढेही लक्षात ठेवा. आपल्याकडची गाडी वेळेवर पोचेलच याचा भरवसा काय? शिवाय उतरायचे निजामुद्दीनला आणि पुढची गाडी आनंद विहारहून, म्हणजे मध्ये सबंध दिल्ली. मी मध्ये पुरा दिवस ठेवला. संध्याकाळच्या वंदे भारत गाडीने (ती २०२३ च्या मेमध्ये सुरू झाली) पाच तासांच्या आत डेहराडून येते. लेक रात्री स्टेशनवर उभी होती. मला ती बारीक वाटली. धाकट्याच्या मते अगदी तशीच होती.

सामानाचे फार सांगत नाही. एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ कपड्यांवर स्वेटर नि वर शाल, असे थर बरे; दुपारी ऊन असते आणि सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, मग एकदम गारठा. तेव्हा दिवसाला एकच मोठे ठिकाण. सासूबाईंच्या गोळ्या दोन पिशव्यांत वाटून ठेवल्या, आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घेतले. लेकीसाठी कंदी पेढे, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. ती म्हणाली होती, आई, जास्त आणू नकोस. पेढे तिच्या मैत्रिणींनी दोन दिवसांत संपविले, तेव्हा कोण शहाणे ठरले ते तुम्हीच बघा.

पहिला दिवस मी तिच्यासाठीच राखला होता. ही संस्था १९०६ ची आणि आताची इमारत १९२९ सालची. लाल विटांची, एवढी लांबलचक की एका टोकाला उभे राहिले तर दुसऱ्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसतो. भोवती साडेचारशे हेक्टरांची झाडी. आत संग्रहालये आहेत. लाकडाच्या संग्रहालयात देवदाराच्या बुंध्याचा आडवा छेद ठेवला आहे, त्या झाडाचे वय सातशे वर्षांहून अधिक. लेकीने आजीला जवळ नेले आणि वर्षाला एक याप्रमाणे पडलेली वलये दाखविली. कोणत्या साली पाऊस चांगला, कोणत्या साली दुष्काळ, हे वलयाच्या जाडीवरून कसे ओळखतात ते सांगितले. सासूबाई मधल्या ठिपक्याकडे बोट करून म्हणाल्या, "म्हणजे हे पोर ज्ञानोबा माउलींच्या वेळचं!" आजूबाजूला दोन-तीन परकी माणसे उभी होती, तीही लेकीचे बोलणे ऐकू लागली. तिने हिंदीत पुन्हा पहिल्यापासून सांगितले. मी मागे उभी होते. तिला इतके सलग बोलताना मी कधी ऐकले नव्हते. घरी ती "हो" आणि "नको" एवढेच बोले.

नंतर तिची खोली पाहिली. एक खाट, एक टेबल, खिडकीबाहेर कुठलेसे झाड. टेबलावर वाळलेली पाने कागदांत दाबून ठेवलेली, प्रत्येकावर तारीख. पावसाच्या त्या रात्री ती कुठल्या खिडकीशी बसली होती, ते मी विचारले. तिने दाखविली.

आता माझी चूक सांगते. त्या दिवशी हौसेपोटी सासूबाईंना मी फार चालविले. चाकांची खुर्ची आहे का, हे आधी विचारायला हवे होते. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले. परंतु कागदावर मी एक दिवस मुळी कोराच ठेवला होता. यजमान त्याला 'फुकट गेलेला दिवस' म्हणत. तो कामी आला. सासूबाई पडून राहिल्या, बापलेक गुहा आणि अकादमीचे फाटक पाहून आले. मी लेकीच्या डोक्याला तेल लावले.

तिसऱ्या दिवशी पहाटे मसुरी. वळणे लागतात म्हणून पोटात फक्त चहा-टोस्ट, सासूबाई पुढच्या जागेवर, हातात आवळासुपारी. गाडी थेट लाल टिब्ब्यापर्यंत नेली, पायऱ्या चढायला नकोत म्हणून. तिथून उत्तरेला शिखरांची पांढरी ओळ दिसली. त्यांतले एक बंदरपूंछ, म्हणजे माकडाचे शेपूट. जळते शेपूट मारुतीने तिथे विझविले, असे तिकडचे लोक सांगतात. सासूबाईंनी हात जोडले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दहा वाजेतो ढग चढले आणि सगळे पुसले गेले. उशिरा निघालो असतो तर हात हलवीत परतलो असतो.

हरिद्वार मी परतीच्या वाटेवर ठेवले होते, कारण डेहराडूनची रेल्वे तिथूनच येते-जाते. उगाच दोन हेलपाटे कशाला? लेक तिथवर सोडायला आली. गंगेत पाय बुडविले, संध्याकाळची आरती पाहिली. यजमानांची नऊ ठिकाणे राहिली, ती ते अजून मोजून दाखवितात.

गाडी हलायच्या आधी सासूबाईंनी नातीला खिडकीतून विचारले, "तुझ्या गावची लिची म्हणे फार गोड असते. कधी येते ती?" ती म्हणाली, "मेच्या शेवटी, आजी." घरी आल्यापासून आमच्याकडे दिनदर्शिकेवर साठ दिवस उलटे मोजण्याचे काम चालू आहे.