गजकर्ण आणि दुकानातील मलम



आमचा आजचा विषय काहींस अमंगळ वाटेल. परंतु हा विकार सभेत बोलावयाचा नाही, दुकानात मात्र हळूच मलम मागावयाचे, या रीतीनेच तो घरोघर बळावला आहे.

गजकर्ण, ज्यास कोणी नायटा म्हणतात, हा रक्तदोष नव्हे. त्वचा, केस व नखे यांतील केरॅटिन या द्रव्यावर जगणारी ती एक सूक्ष्म बुरशी आहे. प्रथम तांबूस ठिपका उठतो व कडेने पसरतो. कड उंच व कोंडा सुटलेली आणि मध्य निवळलेला, असे कंकण दिसले की बहुधा ओळख पटते. जांघ, कंबर, काख, जेथे घाम मुरतो तेथे त्याचे ठाणे. खाज पुष्कळ. चट्टा फिकट, बधिर व खाजरहित असेल तर मात्र कुष्ठरोगाची तपासणी अवश्य करून घ्यावी. संशय राहिल्यास डॉक्टर कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

आता मुख्य मुद्दा. दुकानदार देतो त्या मिश्र मलमांत पुष्कळदा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असते. त्याने खाज दबते व गुण आलासे वाटते. बुरशी मरत नाही, उलट मोकाट पसरते. कड पुसट होऊन डॉक्टरही फसतात. जांघेची कातडी पातळ होऊन पडलेल्या रेषा सहसा जात नाहीत. त्यातच २०२० साली जपानी संशोधकांनी एका भारतीय व एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतील बुरशीस ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिआ’ असे नाव दिले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधास ती पुष्कळदा दाद देत नाही. तेव्हा वापरलेली नळी दडवू नये, डॉक्टरांस दाखवावी.

निव्वळ बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे २ सेंटिमीटरपर्यंत लावावे, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान २ आठवडे चालू ठेवावे. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो! पोटातील गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. पंचा प्रत्येकाचा निराळा असावा. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. घरात दोघांस खाज असेल तर दोघांचे उपचार एकदमच व्हावेत.

मुलांच्या डोक्यात केस तुटून टकलासारखे चट्टे पडतात, तेथे नुसत्या मलमाने भागत नाही, औषध पोटातच द्यावे लागते. एरवी डॉक्टरांनी सांगितलेले उपचार सुरू झाल्यावर अशा मुलास शाळेतून काढून घरी बसविण्याचे कारण नाही.