टोपी आणि तिची नोंद



मी शाळा फार पाहिली नाही. कामगारांच्या सभा घेता घेता जे वाचले, तेवढीच माझी शिदोरी. दापोडीला लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यामुळे फौजी टोपी आम्हांला रोजची. आज अशाच एका टोपीविषयी बोलतो.

दिल्लीच्या लाल किल्ल्यात २३ जानेवारी २०१९ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस आणि आझाद हिंद फौजेचे संग्रहालय उघडले. नेताजींनी वापरलेली टोपी बोस कुटुंबीयांनी त्यासाठी देऊन टाकली. पाहिले तर वीतभर कापड! पण याच किल्ल्यात नोव्हेंबर १९४५ मध्ये शाहनवाझ खान, सहगल आणि धिल्लाँ यांच्यावर इंग्रजांनी खटला चालविला. त्याचा संताप मुंबईपर्यंत पोचला. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांनी बंड केले. आझाद हिंदच्या कैद्यांना सोडा, हीही त्यांची मागणी होती. २२ तारखेला गिरणी कामगार त्यांच्या पाठीशी संपावर गेले. त्या दिवसांत दोनशेहून अधिक माणसे मेली. परळच्या कमल दोंदे त्यांतल्याच.

जून २०२१ मध्ये ती टोपी जागेवर नाही, अशी ओरड झाली. सरकारने खुलासा केला, की नेताजींच्या सव्वाशेव्या जयंतीच्या प्रदर्शनासाठी ती करार करून कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलला दिली आहे. कागद होता, म्हणून उत्तर देता आले.

आमच्याकडे असे होत नाही. आमच्या पट्ट्यातला एक कारखाना बंद पडला, तेव्हा यंत्रांबरोबर हजेरीची बुकेही भंगारात गेली. पुढे एक विधवा बाई नवऱ्याची ग्रॅच्युइटी मागायला आली. पुरावा काय, असे विचारताच तिने त्याची खाकी टोपी माझ्या टेबलावर ठेवली. वीस वर्षांच्या घामाचे डाग तिच्यावर होते. पण कचेरीत डाग चालत नाहीत. जुन्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे गोळा केली, तरी तिच्या पदरात निम्मेच पैसे पडले. ती टोपी परत नेताना बाई काही बोलली नाही. मला मात्र ते अजून बोचते.

म्हणून सांगतो, पुढाऱ्याची टोपी देश जपतो, ते योग्यच आहे. आपली आपणच जपली पाहिजे. पगाराची चिठ्ठी, गेटपास, युनियनची पावती घरात नीट ठेवा. कोण कधी लागला, कधी निवृत्त झाला, हे वहीत लिहा. टोपी आठवण देते. हक्क मिळवून देते ती नोंद.